पहिली नोकरी: टीनएजर मुलं आणि त्यांचे आईबाबा सारखे विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न खरंच पुन्हा पुन्हा येतात, अर्धे आईबाबांचे, अर्धे मुलांचे आणि कधीकधी एकाच घरातून दोघांचे वेगवेगळे. प्रश्न ज्याचा आहे त्यालाच उत्तर दिलंय. सगळ्या उत्तरांत माझा एक आग्रह दिसेल तो आधीच सांगून टाकते: मदत हवी तेवढी करा, पण काम मागणं, सुट्टी मागणं, चुकलं तर माफी मागणं हे मुलाच्याच तोंडून होऊ द्या. अपवाद फक्त सुरक्षिततेचा, त्यासाठी प्रश्न १४ आणि १६ बघा.

१. मुलांना कितव्या वर्षापासून नोकरी करता येते?

देशादेशाचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे तुम्ही राहता तिथल्या सरकारी कामगार खात्याचा नियम आधी बघा. पण बऱ्याच देशांचे कायदे साधारण एकाच चौकटीत बसतात, ती म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३ चा करार क्रमांक १३८. त्यात नोकरीचं किमान वय १५ आहे, आणि सक्तीचं शिक्षण संपायच्या आधी तर नाहीच. विकसनशील देशांना सुरुवातीला १४ ठेवायची सवलत आहे. १३ ते १५ या वयात फक्त हलकं काम चालतं, म्हणजे तब्येतीला त्रास नाही आणि शाळा बुडत नाही असं. धोक्याच्या कामाला १८ पूर्ण लागतात (धोक्याचं म्हणजे काय ते प्रश्न १६ मध्ये).

२. शाळा-कॉलेज चालू असताना काम केलं तर अभ्यासाचं वाटोळं होत नाही का? आठवड्याला किती तास ठीक?

तास किती यावर सगळं आहे. अमेरिकेत लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत शाळकरी मुलांच्या नोकऱ्यांचा बराच अभ्यास केला, त्यात आठवड्याला २० तासांच्या वर काम करणाऱ्या मुलांचं शाळेतून मन उडालेलं दिसलं. जेलन मॉर्टिमर यांनी मिनेसोटात १९८८ पासून मुलांच्या एका गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि तिथे कमी तास पण सलग काम करत राहिलेली मुलं पुढे शिक्षणातही मागे पडली नाहीत. जास्त तासांमुळे अभ्यास सुटतो की अभ्यासात मन नसलेली मुलंच जास्त तास घेतात यावर अभ्यासकांत वाद आहे, पण आपल्याला ठरवायला एवढं पुरे. माझं मत विचाराल तर पहिल्या दोन महिन्यांत ८ ते १० तासांवर जाऊ नका, नंतर बघून वाढवा.

मार्कांपेक्षा आधी झोपेवर लक्ष ठेवा. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते, आणि या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, म्हणजे रात्री अकरा वाजता घरी आलेलं मूल लगेच झोपू शकत नाही आणि सकाळी शाळा तर आहेच. त्यामुळे तासांपेक्षाही शिफ्ट किती वाजता संपते ते आधी विचारा.

३. आम्हाला पैशाची गरज नाही, मग मुलीला कशाला कामाला लावायचं?

लावू नका, तिला हवं असेल तर करू द्या. घरात आणि शाळेत मूल सगळ्यांचं लाडकं किंवा ओळखीचं असतं, कामावर पहिल्यांदा असा माणूस भेटतो ज्याला तिच्या मार्कांशी घेणंदेणं नाही, ती वेळेवर आली का आणि सांगितलेलं केलं का एवढंच तो बघतो. हा अनुभव क्लास लावून मिळत नाही. पण तिला नाटक, खेळ किंवा दुसरं काही मनापासून करायचंय आणि वेळ तिथे जातोय तर ते सोडवून नोकरी करायला लावण्यात काहीच अर्थ नाही.

४. कामं शोधायची कुठे? ऑनलाइन तर सगळीकडे अनुभव मागतात.

ऑनलाइन जाहिरातींवर अवलंबून राहू नका, पहिली नोकरी बहुतेकदा विचारपूस करून मिळते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या सुमारास नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ही नोकरी कळली कुठून, तर ओळखीतून कळलेल्यांपैकी बहुतेकांची ती ओळख जवळची नव्हतीच, अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाची होती. ते मोठे ऑफिसात काम करणारे लोक होते, मुलं नव्हती, पण कारण इथेही लागू पडतं: जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते.

म्हणून मुलाने बसून यादी करायची: जुने शिक्षक, खेळाचे कोच, मित्राची आई, शेजारी, लायब्ररीतले सर, आईबाबांच्या ऑफिसातले लोक. प्रत्येकाला स्वतः मेसेज करायचा, साधा: "काका, मी अमुक, तमुकचा मुलगा. मी शनिवार-रविवार आणि सुट्टीत पार्टटाइम काम शोधतोय. तुमच्या माहितीत कुणाला माणूस लागत असेल तर सांगाल का?" "तुम्ही नोकरी द्याल का" असं विचारू नका, समोरचा अवघडतो. "माहितीत आहे का" विचारलं की तो मोकळेपणाने दोन नावं सांगतो.

दुकानात किंवा ऑफिसात थेट जायचं असेल तर गर्दीच्या वेळी जाऊ नका. आणि काउंटरवरच्या माणसाच्या हातात कागद कोंबून निघून येऊ नका, भरती कोण बघतं आणि ते कधी भेटतील हे विचारा, नाव लिहून घ्या, त्या वेळी परत जा.

५. मला कसलाच अनुभव नाही, रिझ्युमेत काय लिहू?

अनुभव आहे, फक्त त्याला नोकरी म्हणत नाहीत एवढंच. धाकट्या भावाला वर्षभर रोज शाळेतून आणलंस? लिही. गॅदरिंगचे पैसे गोळा करून हिशोब ठेवलास, टीमच्या प्रॅक्टिसच्या वेळा सगळ्यांना कळवायचास, आजीचे फॉर्म ऑनलाइन भरून दिलेस, हे सगळं लिही, आणि किती वेळा, किती लोकांसाठी, किती महिने तेही लिही. "मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड" हे प्रत्येकाच्या कागदावर असतं त्यामुळे ते कोणी वाचत नाही. "सहा महिने दर शनिवारी बारा लहान मुलांना चेस शिकवलं" हे वाचतात.

एका पानाच्या वर जाऊ नकोस. सगळ्यात वर नाव, फोन, आणि लगेच खाली कोणत्या दिवशी किती ते किती वाजता येऊ शकतोस ते. बरीच मुलं हे लिहितच नाहीत, पण पार्टटाइम माणूस ठेवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच असतो. ईमेल आयडी नावाचा बनव, गेममधल्या नावाचा नको. खाली एका शिक्षकांचं किंवा कोचचं नाव दे जे तुझ्याबद्दल सांगू शकतील, आणि त्यांना आधी विचार, अचानक फोन आला तर ते गडबडतात.

काय लिहायचं नाही: ओळखपत्राचे नंबर, बँकेची माहिती, घरचा पूर्ण पत्ता. हे नोकरी पक्की झाल्यावर द्यायचं, आधी नाही (फसवणूक कशी होते ते प्रश्न १४ मध्ये). आणि खोटं काही लिहू नकोस, छोटं सुद्धा. "कॉम्प्युटर येतो" लिहिलंस आणि पहिल्याच दिवशी त्यांनी समोर बसवलं तर काय करशील?

६. मी मुलासोबत इंटरव्ह्यूला गेले तर चालेल का? निदान मॅनेजरला फोन तरी करू?

सोडायला जा, बाहेर थांबा, आत नको. फोनही नको. तुम्ही काळजीपोटी करता हे कळतं, पण समोरच्याला त्यातून एवढंच दिसतं की या मुलाचं प्रत्येक काम आईला विचारून करावं लागणार. तुमच्यासाठी दुसरी भरपूर कामं आहेत. आदल्या दिवशी त्याच्याबरोबर तो रस्ता एकदा जाऊन बघा, किती वेळ लागतो ते कळतं. घरी समोर बसवून प्रश्न विचारा. त्याने लिहिलेला मेसेज पाठवायच्या आधी वाचा पण स्वतः लिहून देऊ नका. वय लहान आहे आणि पालकांची सही लागते तिथे सही करा, ठिकाण अनोळखी असेल तर पत्ता खरा आहे का ते नक्की तपासा, यात काहीही जास्तीचं नाही.

७. इंटरव्ह्यूत काय विचारतात आणि काय सांगायचं?

पहिल्या नोकरीत साधारण चारच गोष्टी विचारतात: काम का हवंय, कधी येऊ शकतोस, आधी कसली जबाबदारी घेतली होतीस, आणि एखादा कस्टमर चिडला किंवा काही बिघडलं तर काय करशील. शेवटच्याला "मी सांभाळून घेईन" हे उत्तर नको. "आधी त्यांचं ऐकून घेईन, मला जमण्यासारखं असेल तर करेन, नाहीतर लगेच सीनियरला बोलवेन" असं सांग, कारण नवीन पोराने स्वतःच्या मनाने काही करू नये हीच त्यांची खरी काळजी असते. काम का हवंय याला "पैसे हवेत" हे खरं उत्तर आहे आणि त्यात लाज नाही, फक्त सोबत हेच ठिकाण का ते एक वाक्य जोड.

दहा मिनिटं आधी पोच, फोन सायलेंटवर, आणि निघताना विचार: "कधीपर्यंत कळेल?" हे एक विचारून ठेवलं की नंतर वाट बघत कुढत बसावं लागत नाही.

८. माझी मुलगी खूप बुजरी आहे, अनोळखी माणसाशी बोलतच नाही. तिने काय करायचं?

सगळी कामं बोलण्याची नसतात. लायब्ररीत पुस्तकं लावणं, स्टॉक मोजणं, डेटा एंट्री, पॅकिंग, प्राण्यांची देखभाल, अशा कामांत शांत आणि नीटनेटकं माणूस हवंच असतं. पण तिच्याऐवजी तुम्ही बोलायला लागू नका, त्याने बुजरेपणा पक्का होतो. पायरी छोटी ठेवा: आधी लिहून विचारणं, मग कागद समोर धरून फोन, मग भेटणं. इंटरव्ह्यूत तिने सरळ सांगितलं की "मला सुरुवातीला बोलायला वेळ लागतो, पण सांगितलेलं काम मी पूर्ण करते" तर चांगली माणसं ते समजून घेतात.

९. दहा-पंधरा ठिकाणी विचारलं, कुणी उत्तरच देत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

नाही. उत्तर न देणं हे बहुतेक वेळा तुझ्याबद्दल नसतंच, जागा भरलेली असते, मालकाला वेळ नसतो, मेसेज खाली गेलेला असतो. आठवड्याने एकदा परत विचार, एकदाच, आणि मग पुढे जा. जिथे समोरासमोर नकार मिळाला तिथे विचारायला हरकत नाही की काय असतं तर घेतलं असतं. पण दहा ठिकाणी एकच कारण ऐकू येत असेल, म्हणजे वेळा जुळत नाहीत किंवा वय कमी पडतं, तर तेच बदलायला हवं किंवा शोधच दुसरीकडे न्यायला हवा. मधल्या काळात दोन-तीन महिने कुठेतरी स्वयंसेवक म्हणून काम कर, तेही रिझ्युमेत चालतं.

१०. मामाच्याच दुकानात ठेवलं तर? ओळखीचं आहे, सुरक्षित आहे.

चालेल, पण अटी आधी बोलून घ्या: वेळ किती ते किती, पैसे किती आणि कधी, चूक झाली तर मामा भाच्याला बोलणार, बहिणीला फोन करणार नाही. घरच्या ठिकाणी दोन गोष्टी होतात, एकतर पोराचे लाड होतात किंवा त्याला फुकटात राबवतात, आणि दोन्हीत कुणी बोलत नाही कारण नातं आहे. मला विचाराल तर घरच्या दुकानात थोडं शिकून मग बाहेर काम बघणं चांगलं.

११. काम मिळालं! आता टिकवायचं कसं?

अभिनंदन. पहिल्या महिन्यात हुशारी कोणी बघत नाही, भरवसा बघतात. वेळेवर म्हणजे शिफ्टच्या वेळेला दारात नाही, कामाला उभा. उशीर होणार असेल तर उशीर व्हायच्या आधी फोन, आणि फोनच, कारण गर्दीत मेसेज कोणी बघत नाही. वही ठेव, सांगितलेलं लिहून घे, तेच तीनदा विचारलं तर माणसं वैतागतात पण पहिल्यांदा नीट विचारलं तर कोणी वैतागत नाही.

हातात काम नसेल तेव्हा काय करतोस यावरून लोक फार पटकन मत बनवतात. फोन काढून उभं राहण्यापेक्षा "अजून काही आहे का?" विचार. काही मुलं अशीही असतात जी सगळ्याला हो म्हणतात, जास्तीच्या शिफ्ट घेतात आणि दीड महिन्यात दमून सोडतात, तेही नको. जमणार नसेल तर लगेच नाही म्हण, आदल्या रात्री नको.

चूक झाली तर लपवू नकोस. पैशाचा हिशोब चुकला, काही फुटलं, लगेच जाऊन सांग, काय झालं आणि आता काय करतोस ते दोन वाक्यांत. आणि अंगाला लागेल असं काही करायचं असेल, शिडी, मशीन, केमिकल, तर दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही. नवीन माणसाला इजा व्हायचा धोका पहिल्या महिन्यातच जास्त असतो.

१२. साहेब सगळ्यांसमोर ओरडले, आता मुलगा म्हणतो उद्यापासून जाणार नाही. काय करू?

आधी ऐका, पूर्ण. "एवढ्याने काय होतं" म्हणू नका आणि "उद्या मीच जाऊन बघतो त्याला" हेही नको. मग विचारा, ओरडण्यातलं खरं काय होतं? बऱ्याचदा सांगितलेली गोष्ट बरोबर असते आणि सांगायची पद्धत वाईट. तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन शांतपणे म्हणावं, "काल माझं हे चुकलं, पुन्हा होणार नाही, पण मला बाजूला घेऊन सांगितलंत तर बरं होईल." सोळा वर्षांच्या मुलाने हे बोलणं सोपं नाही, घरी दोनदा म्हणून घ्या. रोजच शिव्या, अपमान, धमक्या चालू असतील तर ही गोष्ट वेगळी, प्रश्न १६ वाचा.

१३. परीक्षेसाठी सुट्टी कशी मागायची? सांगितलं तर काढून टाकतील अशी भीती वाटते.

टाइमटेबल आलं त्याच दिवशी सांग. तीन आठवडे आधी मागितलेली सुट्टी बहुतेक जण देतात, दोन दिवस आधी मागितलेली कुणालाच आवडत नाही. तारखा लिहून दे, कधीपासून परत येणार तेही लिही, आणि जमलं तर बदली कोण करेल ते आधीच बोलून ठेव. एवढं करूनही परीक्षेला सोडत नसतील तर ती नोकरी शिकणाऱ्या मुलासाठी नाही.

१४. नोकरी पक्की आहे म्हणतात पण आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरायचेत. भरू का?

नको. एक रुपयाही नको. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करार क्रमांक १८१ मध्ये मूळ नियमच हा आहे की नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही. ट्रेनिंग, युनिफॉर्म, डिपॉझिट, नाव काहीही असो, कामाआधी पैसे मागितले की फसवणूक समजा.

अजून दोन प्रकार मुलांच्या बाबतीत फार दिसतात. एक, "व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळतील": सुरुवातीला थोडे पैसे खरंच येतात, मग मोठा टास्क करायला आधी रक्कम भरायला लावतात आणि ती गेली. दुसरा जास्त गंभीर, "तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, कमिशन तुझं". ते पैसे चोरीचे असतात आणि खातं मुलाच्या नावावर असतं, त्यामुळे पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. असं झालं असेल तर मुलावर चिडायच्या आधी बँकेला आणि पोलिसांना कळवा, आणि इथे तुम्ही पुढे व्हा, त्याला एकट्याला पाठवू नका.

१५. एक आठवडा ट्रायल म्हणून फुकट काम करायला सांगतात. आणि काम करून पगारच दिला नाही तर?

एक-दोन तास काम करून दाखवणं समजू शकतो. आठवडाभर बाकीच्यांसारखीच शिफ्ट करून घेत असतील तर ते काम आहे, ट्रायल नाही, आणि त्याचे पैसे मागायचे. सुरुवातीलाच दर, तास आणि पगाराची तारीख लिहून घे, मेसेजवर लिहून घेतलं तरी चालेल, आणि रोज किती ते किती काम केलं ते स्वतःच्या वहीत तारखेसकट लिही. पगार अडला तर आधी तोंडी, मग लेखी माग. तरी नाही मिळाला तर कामगार खात्याकडे तक्रार करता येते, तेव्हा ती वहीच कामाला येते.

१६. वय बसतं, पण काम धोक्याचं किंवा वातावरण वाईट वाटतंय. कधी सोडायलाच लावायचं?

जमिनीखाली, पाण्याखाली, उंचावर किंवा कोंडलेल्या जागेत काम, धोक्याची मशीन, जड ओझी, केमिकल, खूप आवाज किंवा खूप गरम-थंड जागा, फार लांब तास किंवा रात्रपाळी, आणि काम संपल्यावरही मालक जागेवरून हलू देत नाही अशी स्थिती: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, बालमजुरीच्या सगळ्यात वाईट प्रकारांविरुद्धच्या १९९९ च्या करारासोबतच्या शिफारशीत ही यादी आहे. १८ च्या आतल्या मुलासाठी यातलं काहीही असेल तर चर्चा नको, थांबवा.

नको तिथे हात लावणं, घाणेरडे मेसेज, एकटीला थांबवून घेणं, हेही तसंच. याच संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० कामाच्या जागच्या छळाबद्दल आहे आणि त्यात पर्मनंट नोकरच नाही, इंटर्न, शिकाऊ, स्वयंसेवक, एवढंच काय इंटरव्ह्यूला आलेले सुद्धा धरले आहेत. "मी तर पार्टटाइम, मला कोण विचारतंय" असं मुलीला वाटतं, ते खरं नाही. मूल सांगायला आलं तर पहिलं वाक्य "तू तिथे गेलीसच कशाला" हे नको. मेसेज जपून ठेवा, तारखा लिहा, आणि तक्रार तुम्ही स्वतः घेऊन जा. तिने नोटीस न देता त्या क्षणी नोकरी सोडली तरी चालेल.

१७. मुलाला ऑटिझम किंवा एडीएचडी आहे. इंटरव्ह्यूत सांगावं का?

निर्णय त्याचा. निदानाचं नाव सांगायलाच हवं असं नाही, काय लागतं ते सांगितलं तरी बरंच काम होतं: "मला एकावेळी एकच सूचना द्या", "यादी लिहून दिलीत तर माझं काही राहत नाही". काम मिळाल्यावर, पहिल्या आठवड्यात, जो रोज काम सांगणार त्यालाच हे सांगणं बहुतेकदा सोपं जातं. सुरक्षिततेशी संबंध असेल, समजा फिट येतात आणि मशीनजवळ काम आहे, तर मात्र आधीच सांगायला हवं.

१८. पगार मुलाने स्वतःकडे ठेवायचा की घरी द्यायचा?

घरची गरज खरी असेल तर त्याच्याशी मोकळेपणाने बोला आणि किती द्यायचे ते ठरवा, सगळा काढून घेऊ नका. गरज नसेल तर त्याचा त्याला ठेवू द्या, थोडे बाजूला टाकायची सवय लावा, बाकी तो कशावर उडवतो त्यावर रोज टिप्पणी नको. खातं त्याच्या नावावर असावं, अल्पवयीन असेल तर बँक पालकांची सही मागू शकते, पण किती आले, किती गेले हे त्याला दिसलं पाहिजे.

१९. नोकरी सोडायची आहे. मेसेज करून जाणं बंद केलं तर चालतं ना?

प्रश्न १६ मधली परिस्थिती असेल तर चालतं. नाहीतर नाही. समोर जाऊन सांग, निदान दोन आठवडे आधी, किंवा नेमताना जेवढी मुदत ठरली असेल तेवढी. कारण छोटं दे: "अभ्यास वाढलाय, पुढच्या महिन्यापासून जमणार नाही." शेवटच्या दिवसापर्यंत नीट काम कर, युनिफॉर्म आणि चाव्या परत दे, राहिलेला पगार कधी मिळेल ते विचार, आणि पुढे कुणी तुझ्याबद्दल विचारायला फोन केला तर बोलाल का तेही विचार. काढून टाकलं असेल तरी पगाराचं आणि चाव्यांचं हेच लागू. शिवाय काढायचं कारण विचारून घे, कारण पुढच्या इंटरव्ह्यूत "आधीची नोकरी का गेली" हे विचारतील तेव्हा "मला तिथे वेळ पाळणं जमलं नाही, आता घर जवळ असलेल्या ठिकाणीच अर्ज करतोय" असं खरं उत्तर देता येतं.